एका शब्दाचें ओझें

गेल्या वर्षींच्या एका दिवसाची गोष्ट. सकाळीं चहा घेतांना विजेचें बिल हातीं आलें. त्यांत स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशी आकारांची रांग लागलेली होती. आणि इंग्रजींत पाहूं गेल्यास यांतील प्रत्येक ‘आकार’ म्हणजे एकेक ‘चार्ज’. तें बिल बाजूला ठेवतों न ठेवतों तोंच आमच्या कन्येची हांक आली, ‘‘बाबा, माझा फोन तेवढा चार्जला लावा.’’ वर्तमानपत्र उघडलें, तर पहिल्याच पानावर कोठें तरी लाठीचार्ज झाल्याची बातमी, आणि तिच्या शेजारींच कोणावर तरी चार्जशीट दाखल झाल्याची. पुढें महाविद्यालयांत पाऊल टाकलें तों शिपायानें एक कागद हातांत ठेवला. आमचे विभागप्रमुख महिनाअखेर निवृत्त होणार असून त्यांच्याकडून विभागाचा ‘चार्ज’ आम्हीं घ्यावा, अशी प्राचार्यांची आज्ञा होती. अकराचा ठोका पडण्यापूर्वीं एकच शब्द पांच वेळां, पांच निरनिराळ्या वेशांत भेटला. आणि गंमत अशी कीं, एकदांही आम्हांस त्याच्या अर्थासाठीं अडावें लागलें नाहीं.

भाषा शिकविण्याचा धंदा करणाऱ्या माणसास अशा वेळीं एक प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं. हा शब्द एकच आहे, कीं एका नांवाचीं पांच निराळीं माणसें आहेत? कारण दोन्ही प्रकार भाषेंत संभवतात. कुत्र्याचें भुंकणें आणि झाडाची साल यांना इंग्रजींत ‘बार्क’ हा एकच उच्चार आहे. पण या दोन शब्दांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं. एका आळींत दोन कुलकर्णी राहत असावेत आणि टपालवाल्यानें नेहमीं घोटाळा करावा, तसला हा प्रकार. ‘चार्ज’चें मात्र तसें नाहीं. याचीं सगळीं घरें एकाच कुळांतलीं आहेत, आणि त्या कुळाचा मूळपुरुष एक साधी मालाची गाडी आहे.

लॅटिन भाषेंत ‘कार्रुस’ म्हणजे माल वाहण्याची गाडी. हा शब्द रोमन लोकांच्या घरचाही नव्हे. तो त्यांनीं गॉल देशांतील केल्टिक लोकांपासून उचलला. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्यें ‘गाडींत माल भरणें’ अशा अर्थाचें क्रियापद झालें, तें जुन्या फ्रेंचमध्यें शिरलें, आणि तेथून तेराव्या शतकाच्या सुमारास ‘चार्ज’ या रूपानें इंग्रजींत आलें. म्हणजे मुळांत चार्ज करणें याचा अर्थ ओझें लादणें, इतकाच. याची भावंडेंही आपल्या परिचयाचीं आहेत. मोटारीस आपण ‘कार’ म्हणतों तो शब्द याच गाडीचा. जहाजावरचा ‘कार्गो’ याच कुळांतला. व्यंगचित्रास इंग्रजींत जें नांव आहे, तें ‘लादणें’ या अर्थाच्या इटालियन क्रियापदावरून आलेलें आहे. माणसाच्या नाकावर किंवा मिशीवर जरुरीपेक्षां अधिक ओझें लादलें कीं व्यंगचित्र तयार होतें. आणि आजकाल ज्याच्या चिंतेनें आईबापांस झोंप येत नाहीं तें मुलांचें ‘करिअर’, तेंही मूळचें गाडीचा रस्ताच होय. आपल्या मुलांस आपण ज्या रस्त्यावर धांवावयास लावतों, तो एके काळीं मालाच्या गाड्यांचा रस्ता होता, ही गोष्ट त्या मुलांच्या पाठीवरचीं दप्तरें पाहिलीं असतां अगदींच विसंगत वाटत नाहीं.

एकदां ओझें ही कल्पना हातीं धरली, म्हणजे बाकीचे अर्थ उलगडूं लागतात. तोफेंत किंवा बंदुकींत दारू ठासून भरणें, तोही चार्ज. आपण त्यालाच ‘बार भरणें’ म्हणतों. अठराव्या शतकांत विद्युत्शास्त्रानें हाच शब्द तोफखान्यांतून उसना घेतला. १७४५-४६ च्या सुमारास हॉलंडमधील लायडन शहरांत मुशेनब्रुक या प्राध्यापकानें कांचेच्या बरणींत वीज सांठविण्याची युक्ति काढली. जर्मनींत क्लाइस्ट यानेंही तीच युक्ति स्वतंत्रपणें शोधिली. बंदुकींत दारू भरावी तशी या बरणींत वीज भरतां येई, आणि बंदुकीप्रमाणेंच ती एका क्षणांत रिकामी होई. अमेरिकेंत बेंजामिन फ्रँक्लिन यानें अशा सांठवणीच्या साधनांची रांग जोडली, आणि तिला तोफांच्या रांगेचें ‘बॅटरी’ हें नांव दिलें. आज आपल्या खिशांतल्या फोनमध्यें बॅटरी असते आणि ती आपण चार्ज करतों. या एका वाक्यांत तोफखान्याचे दोन शब्द निमूटपणें नांदत आहेत. पुढें मिलिकन या शास्त्रज्ञानें १९०९ पासून तेलाच्या सूक्ष्म थेंबांवर प्रयोग करून दाखविलें कीं, हा विजेचा भार वाटेल तेवढा घेतां येत नाहीं. तो ठराविक लहान नगांतच मिळतो, अर्धा नग कधींही मिळत नाहीं. मालधक्क्यावरचा हिशेब निसर्गानेंही पाळावा, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

कायद्यांत या शब्दानें दोन बिऱ्हाडें केलीं आहेत. फौजदारी बाजूस चार्ज म्हणजे दोषारोप. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत त्यास स्वतंत्र प्रकरण होतें. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी चार्जचें प्रकरण तिच्यांतही आहेच. दिवाणी बाजूस १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०० व्या कलमांतील चार्ज निराळा. मिळकत गहाण न पडतां तिच्यावर दुसऱ्याच्या येण्याची जी जबाबदारी बसते, तिचें तें नांव. आमच्या शेतकऱ्यास हें कलम ठाऊक नसतें, पण शब्द बरोबर ठाऊक असतो. सातबाराच्या उताऱ्यावर सोसायटीच्या कर्जाची नोंद झाली म्हणजे तो म्हणतो, ‘जमिनीवर बोजा चढला’. कर्ज फिटलें म्हणजे म्हणतो, ‘बोजा उतरला’. लॅटिनचें एक अक्षर न शिकतां त्यानें मूळ धातूचा अर्थ पकडलेला असतो.

ज्यूरीच्या काळीं न्यायाधीश ज्यूरीस जें समारोपाचें मार्गदर्शन करीत, त्यासही चार्जच म्हणत. १९५९ सालच्या मुंबईंतील नानावटी खटल्यांत ज्यूरीनें आठ विरुद्ध एक अशा मतांनीं आरोपीस निर्दोष ठरविलें. पुढें उच्च न्यायालयांत जो वाद झाला, त्यांत या चार्जमध्यें ज्यूरीची दिशाभूल झाली कीं काय, हा एक मोठा मुद्दा होता. आरोपीवर ठेवला तोही चार्ज, आणि ज्यूरीस सांगितला तोही चार्ज. एकाच्या शिरावर दोषाचें ओझें, दुसऱ्यांच्या शिरावर निर्णयाचें.

मराठीनें या एका शब्दापुढें केवढा संसार मांडला आहे, तोही पाहण्यासारखा आहे. कचेरींत पदभार आणि कार्यभार, विज्ञानांत प्रभार, न्यायालयांत आरोप, बिलांत आकार, सातबारावर बोजा, रणांगणावर हल्ला. पैकीं पहिल्या तिघांत भार उघड उघड आहे. ‘प्रभार’ तर असा सोयीचा कीं, इलेक्ट्रॉनही ऋणप्रभारित असतो आणि कायम नेमणूक होईपर्यंत प्राचार्यही प्रभारी असतात. ‘आरोप’ या शब्दाचा मूळ अर्थ वर चढविणें, वर ठेवणें. मस्तकावर दोष ठेवला कीं तो आरोप झाला. आणि ज्यास आपण सौजन्याचा शब्द समजतों त्या ‘आभार’मध्येंही भार आहेच, कोणी उपकार केले कीं आपण वजनाखालीं येतों. शब्द निराळे झाले, तरी ओझें एकच राहिलें.

या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो आम्हीं मुद्दामच मागें ठेविला होता. दाईच्या किंवा शिक्षकाच्या स्वाधीन केलेल्या मुलासही इंग्रजींत तिचा किंवा त्याचा ‘चार्ज’ म्हणतात. ज्याचा भार आपण पत्करिला, तो. हा अर्थ आम्हांस कोशांतून कळला, पण समजला एका विद्यार्थ्यामुळें. आणि तो समजण्यास फार वर्षें लागलीं.

१९९७ सालची गोष्ट. एका बाजारपेठेच्या गांवीं आम्ही नुकतेच अध्यापक झालों होतों. अंगांत नव्या पदवीची ऊब होती आणि विनोदी अध्यापक म्हणून नांव व्हावें, अशी हौस होती. पहिल्या वर्षाच्या वर्गास टेनिसनची ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ ही कविता होती. कवितेमागील प्रसंग आम्हीं मोठ्या आवेशानें सांगितला होता. २५ ऑक्टोबर १८५४ रोजीं क्रिमियांतील बालाक्लाव्हा येथें इंग्रजांच्या हलक्या घोडदळाचे सुमारें ६७० स्वार एका दरींतून थेट रशियन तोफांवर चालून गेले. सुमारें ११० मेले, १६० च्या आसपास जखमी झाले. आणि हा अनर्थ झाला तो हुकुमाच्या संदिग्ध शब्दांमुळें. सरसेनापति लॉर्ड रॅग्लन उंच टेकडीवर होते. शत्रु आपल्या हातून गेलेल्या ठाण्यांतील तोफा ओढून नेत आहे असें त्यांस तेथून दिसत होतें, आणि त्या तोफा नेऊं देऊं नका, असा त्यांचा हुकूम होता. पण घोडदळाचे अधिपति लॉर्ड लुकन सखल जागीं उभे होते. त्यांच्या दृष्टीस त्या तोफा पडतच नव्हत्या. त्यांस ठाऊक होत्या त्या दरीच्या टोकाच्या. हुकूम घेऊन आलेल्या कॅप्टन नोलन यास त्यांनीं ‘कोणत्या तोफा?’ म्हणून विचारलें, तेव्हां त्यानें नुसता हात लांब केला. पुढें झालेल्या हल्ल्यांत अगदीं आरंभीं पडलेल्यांत नोलन होता. एकच शब्द टेकडीवरून एक दिसतो आणि दरींतून दुसरा, हें आम्हीं वर्गांत फार परिणामकारक रीतीनें सांगितलें. सांगतांना आम्ही अर्थात् व्यासपीठावर उभे होतों.

पुढें चांचणी घेतली. कवितेच्या नांवाचा मराठींत अर्थ लिहावा, असा एक प्रश्न होता. वर्गांतील एका मुलानें उत्तर लिहिलें, ‘हलक्या टोळीचें भाडें’. खालीं स्पष्टीकरणही होतें: ज्या टोळीचा माल हलका, तिचें भाडें कमी पडतें. हा मुलगा कोणाचा, तें आम्हांस ठाऊक होतें. त्याचे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करीत, आणि सुटीच्या दिवशीं तोही त्यांच्या हाताखालीं जाई. आम्हीं तें उत्तर वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविलें. वर्ग हंसला. आम्हीं तें दुसऱ्यांदा, जरा साभिनय वाचलें. वर्ग अधिक हंसला. सर्वांत मोठ्यानें कोण हंसलें असेल, तर आम्ही. तो मुलगा शेवटच्या बांकावर खालीं मान घालून बसला होता.

त्या सत्राच्या अखेरीस तो महाविद्यालय सोडून गेला.

यानंतर पांच-सहा वर्षांनीं ‘कार्गो’ या शब्दासाठीं आम्ही कोश चाळीत होतों, आणि तेथून वाट काढीत ‘चार्ज’पर्यंत आलों. गाडी, माल, लादणें, मग त्याचा मोबदला. हल्ल्याचा अर्थ तर कितीतरी उशिरा, सोळाव्या शतकांत दिसूं लागला. आम्हीं कोश मिटला. वर्गांतल्या साठ-सत्तर मुलांत मुळाच्या सर्वांत जवळ जो पोंचला होता, त्यासच आम्हीं विदूषक केलें होतें. मग आणखी एक आठवलें. ‘लाइट’चा अर्थ कित्येकांनीं ‘प्रकाश’ असा केला होता. ‘हलका’ हा बरोबर अर्थ लिहिणाऱ्या थोडक्यांत हा मुलगा होता. तेवढ्याचाही अर्धा गुण आम्हीं त्यास दिला नव्हता. तो गेला तो आमच्या हंसण्यामुळें, अशी आमची खात्री झाली. आणि ही गोष्ट आम्हीं घरींदारीं कोणासही न सांगतां जवळ बाळगिली.

आतां पुन्हां त्या पांच चार्जांच्या दिवसाकडे येतों. विभागाचा चार्ज घ्यावयाचा म्हणून आमचें जुनें कपाट रिकामें करणें आलें. कित्येक वर्षांचीं पुस्तकें निघालीं. तीं आमच्या मूळ गांवच्या वाचनालयास द्यावीं असें ठरवून अकरा खोकीं बांधिलीं, आणि चार दिवसांनीं टेंपोंत घालून गांवाबाहेरच्या एका मालवाहतुकीच्या कचेरींत नेलीं. मेजापलीकडे बसलेल्या गृहस्थानें बिल्टी लिहावयास घेतली, आमचें नांव विचारलें, तें लिहितां लिहितां हात थांबविला आणि वर पाहिलें. ‘‘सर, ओळखलेंत का?’’

आम्हीं ओळखलें. वय पंचेचाळिशीच्या पलीकडे गेलें होतें, केस मागें सरले होते, पण ओळखलें. खुर्ची आली, चहा आला. इतक्या वर्षांचें मनांतलें ओझें उतरविण्याची संधि आली असें वाटून आम्हीं त्यास तो सारा इतिहास सांगितला: कार्रुस, गाडी, लादणें, भाडें. अखेरीस म्हटलें, ‘‘तुमचें उत्तर आमच्यापेक्षां मुळाला धरून होतें. आमच्या हंसण्यामुळें तुम्हीं शिक्षण सोडलें, हें आम्ही विसरलों नाहीं.’’

त्यानें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाला, ‘‘नाहीं सर, त्यामुळें नाहीं सोडलें. त्या दिवाळीच्या आधीं धक्क्यावर वडिलांच्या पाठींत उसण भरली, ती गेलीच नाहीं. पुन्हां त्यांना पोतें उचलतां आलें नाहीं. त्यांच्या जागीं मला उभें राहावें लागलें.’’

आम्ही गप्प बसलों. जें ओझें आम्ही इतकीं वर्षें वाहत होतों, त्यांतही आमचा अहंकार होता. एका मुलाचें आयुष्य आपल्या एका हंसण्यानें वळलें, असें समजण्यांत दुःखाबरोबर थोडी प्रतिष्ठाही असते. खरें ओझें दुसरीकडेच होतें, मणांनीं मोजण्यासारखें होतें, आणि तें ज्या पाठीवर होतें, तिची चौकशी करावी असें आम्हांस एकदांही सुचलें नव्हतें. हजेरीपटावरचें नांव कां कमी झालें, एवढें जरी त्या वेळीं विचारलें असतें, तरी निदान त्याच्या फीची कांहीं व्यवस्था होऊं शकली असती. ज्याचा भार आमच्याकडे सोपविला होता, त्यास आम्हीं उत्तराबद्दल दोष दिला, आणि पुढें स्वतःस हंसण्याबद्दल दोष दिला. चौकशी मात्र केली नाहीं.

थोड्या वेळानें तोच म्हणाला, ‘‘पण सर, दुसऱ्यांदा वाचायला नको होतें.’’

‘‘नको होतें,’’ आम्हीं म्हटलें. याहून अधिक बोलण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें.

त्यानें पुन्हां लेखणी उचलली. नग अकरा, मग वजन, भाडें, हमाली, अशा एकेका रकान्यांत आंकडे भरले, बेरीज केली आणि बिल्टी आमच्यापुढें ठेविली. ओळखीखातर त्यानें एक रुपया कमी केला नाहीं. त्याचें आम्हांस बरें वाटलें. पैसे मोजून दिले, त्यानें ते मोजून घेतले. निघतांना हमालास त्यानें हांक मारून सांगितलें, ‘‘पुस्तकें आहेत, जड असतात. एका वेळीं एकच खोकें उचल.’’

विभागाचा चार्ज आम्हीं ठरल्या दिवशीं घेतला. कागदावर दोन सह्या झाल्या, किल्ल्यांचा जुडगा हातीं आला. नव्या सत्राच्या पहिल्या तासाला फळ्यावर ‘चार्ज’ हा एकच शब्द लिहिला आणि त्याचा अर्थ न सांगतां मुलांस विचारलें, ‘‘हा शब्द तुम्हीं कोठें ऐकला आहे? घरीं तो कोण वापरतें?’’ कोणी मोबाइलच्या दुकानांतून आणला होता, कोणी तहसील कचेरींतून, कोणी वडिलांच्या रिक्षांतून. एका मुलीची आई रुग्णालयांत परिचारिका होती. रात्रपाळी संपली कीं ती दुसरीला चार्ज देऊन मगच घरीं येते, असें तिनें सांगितलें. तास संपेपर्यंत फळा भरला. त्या दिवशीं आम्ही व्यासपीठावर चढलों नव्हतों. खालीं, बांकांच्या मधल्या वाटेंत उभे होतों.